शीग परत देणाऱ्या बाई

कुणी मला कृती सांगताना "एक वाटी रवा घ्या" म्हणालं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "वाटी कोणाची?" सांगणारी बाई बावचळते. घरातल्या मुली तोंडाला पदर लावून हसतात, म्हणतात, झालं, आईचं सुरू झालं. पण हा प्रश्न माझा नाहीच मुळी. तो उमरखेडला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंचा. त्यांच्या शंभर खोडींपैकी एवढी एकच मला उचलता आली, बाकीच्या उचलायची माझी ऐपत नव्हती.

एका अंगणात आमची दोन बिऱ्हाडं होती. घर किराणा दुकानवाल्या चाचांचं. पुढे रस्त्यावर त्यांचं दुकान, मागे अंगण, अंगणाच्या एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला बाई. हे तालुका कचेरीत कारकून होते आणि बाई मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायच्या. मूळच्या अमरावतीच्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, ते विचारायची सबंध उमरखेडात कुणाची छाती नव्हती. आम्ही त्या घरात असतानाच आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो आणि मग महाराष्ट्रात आलो, पण अंगण तेच आणि बाईही त्याच.

उंच, शिडशिडीत बांधा, नाकावरून घसरणारा चष्मा आणि खांद्याला खादीची पिशवी. त्या पिशवीत पुस्तकं असतील असं कुणालाही वाटावं. असायची एक लाकडी फूटपट्टी, एक पितळी चमचा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून तात्पुरता म्हणून आणलेला एक इवलासा तराजू. हा तात्पुरता तराजू मी त्यांना ओळखत होते तेवढी सगळी वर्षं त्यांच्याकडेच होता.

आमची ओळख झाली ती बेसनावरून. नवीन संसार, घरी अचानक पाहुणे, आणि डब्यात खडखडाट. मी वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले. बाईंनी माझी वाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, बाजूला ठेवली आणि स्वतःची वाटी काढली. ती बेसनानं भरली, पिशवीतून फूटपट्टी काढून तिच्या काठावरून सर्रकन फिरवली, आणि वरचं बेसन डब्यात परत पाडून सपाट वाटी माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "माझी एक वाटी. लक्षात ठेवा, माझी. तुमची वाटी मोठी आहे."

आता आमच्या भागात माप भरलं की वर शीग लावायची रीत. भांडं काठोकाठ भरल्यावरही वर जो टोकदार ढीग चढवतात, ती शीग. धान्य असो, पीठ असो, शिगेशिवाय माप देणं म्हणजे हात आखडता घेणं. आणि उसनं परत करताना तर शीग आणखी उंच पाहिजे, नाही तर चार बायकांत नाक खाली. बेसन परत करायची वेळ आली तेव्हा ढाणकीजवळच्या आमच्या गावाहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी बाईंच्याच वाटीत बेसन भरलं, त्यावर अशी काही शीग चढवली की ती नेताना माझा श्वास अडकला. बाईंनी वाटी घेतली, फूटपट्टी फिरवली, वरचं बेसन कागदावर पाडलं, पुडी बांधली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही तुमची. मी एकच वाटी दिली होती."

मी पुडी घेऊन घरी आले. सासूबाईंनी ती पाहिली मात्र, कपाळावर हात मारून घेतला. "शीग वापस केली? अवो, घरात आलेली लक्ष्मी हाकलून राह्यली ही बाई! कायले शिकली एवढी? ज्याचं माप सपाट, त्याचं मन सपाट, समजलं का तुले?"

त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांचं नाव सपाटबाई ठेवलं. समोर नव्हे, पण अंगणात ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

मी एकदा धीर करून बाईंना म्हटलं, "अहो, शीग परत नसते करायची. आमच्यात वाईट दिसतं." त्यांना राग नाही आला. चष्मा वर सारत म्हणाल्या, "शीग म्हणजे माया. मायेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती मापात मिसळू नका हो, स्वयंपाक बिघडतो."

मोठी विक्षिप्त बाई! जेवायला बोलवायच्या ते आदल्या दिवशी विचारून, "किती पोळ्या खाल?" ह्यांनी एकदा आपलं सहज उत्तर दिलं, "पोटभर." बाई गंभीरपणे म्हणाल्या, "पोटभर हे माप नाही." शेवटी ह्यांनी लाजत काजत एक आकडा सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी ताटात बरोबर तेवढ्याच पोळ्या पडल्या. भूक उरली होती, पण मागायची सोय नव्हती. घरी येऊन ह्यांनी चिवडा खाल्ला आणि पुन्हा कधी बोलावणं आलं तर आकडा सांगायला मला पुढे करायचं ठरवलं. एक मात्र खरं, बाईंच्या घरी शिळं कधी उरलं नाही आणि त्यांच्या हातची आमटी आज एक उद्या दुसरी, असं कधी झालं नाही.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक बाई डोक्यावर तुपाचं गाडगं घेऊन यायची. हातभर बांगड्या, मोठ्यानं हसणारी. आम्ही सगळ्या भावावरून घासाघीस करायचो. बाई विचारायच्या, "शेरभर म्हणजे थिजलेलं की पातळ?" ती बिचारी म्हणायची, "तूप ते तूपच की वो बाई." मग बाई तिला तिथंच अंगणात बसवून तूप वितळवायच्या आणि भांड्यात पातळी कशी बदलते ते दाखवायच्या. तोवर आमची सगळ्यांची आंघोळीची पाणी निवून जायची. तूपवाली मात्र दर खेपेला आधी बाईंच्याच दारात टेकायची. म्हणायची, ही बाई येडी हाय, पण कोनाले फसवत नाही.

मग किलो आले. नव्या पैशांची हाताला सवय होते न होते तोच हे नवं लचांड. आतापर्यंत आम्ही धान्य पायलीनं घ्यायचो, घरात रांधायचं ते मापट्या-वाटीनं. आता म्हणे सगळं तोलून घ्यायचं. चाचांच्या दुकानापुढे बायकांची ही गर्दी, आणि सगळ्यांचा एकच घोषा, "चाचा, पायलीचे किती किलो?"

"कशाची पायली?" मागून बाईंचा आवाज आला.

"कशाची म्हंजे? पायली तर एकच हाय ना वो!"

"पायलीभर मुरमुरे आणि पायलीभर तांदूळ, वजनाला सारखे भरतील का?"

"पन पायली तर एकच हाय!" ती बाई हटेना. बाकीच्यांनीही माना डोलावल्या, कारण पायली खरोखरच एक होती. बाईंनी कपाळावर हात मारला, पिशवी खाली ठेवली, आणि दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं. त्या हटल्या नाहीत आणि बायकाही हटल्या नाहीत. शेवटी चाचा हात जोडून म्हणाले, "बाई, मेरी दुकान आप ही चलाओ. मैं घर बैठके बीडी पीता."

पण त्याच रविवारी चाचांनीच आपला मोठा तराजू अंगणात आणून दिला. बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ज्या भांड्यानं घरी रोज मापता तेच घेऊन या, माझ्या वाटीचा हिशेब तुमच्या काय कामाचा? मग कुणी पेला आणला, कुणी टमरेल, एकीनं तर पोचे आलेला तांब्या आणला. बाई पाव किलो तांदूळ तोलायच्या, त्या भांड्यात ओतायच्या, हलवून सपाट करायच्या आणि आतून खिळ्यानं रेघ ओढायच्या. मग डाळीची रेघ वेगळी, रव्याची वेगळी, साखरेची वेगळी. संध्याकाळपर्यंत निम्मं उमरखेड आपापल्या भांड्यात किलो घेऊन घरी गेलं. माझा पितळी पेला अजून आहे. कल्हई लावून लावून रेघा पुसट झाल्यात, पण मी अजून त्याच्यावरच भात लावते.

सासूबाईंनी मात्र आपली पायली रेघ ओढायला दिली नाही. गावाहून येताना त्या स्वतःची पायली बरोबर आणत. दुसऱ्याच्या मापावर त्यांचा भरवसा नव्हता. मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता "लाभ" म्हणायच्या, आणि शीग लावून वर पुन्हा ओंजळभर टाकायच्या. "सपाटबाईच्या रेघीत माही शीग कुठं बसन?" म्हणायच्या. खरं होतं, नसतीच बसली.

बाईंचं हे सगळं नेहमीच बरोबर निघायचं असं समजू नका. एका वर्षी शाळेच्या संमेलनाला शिरा ठरला. बाईंनी आपल्या घरच्या वाटीवरून सगळ्या मुलींचा हिशेब किलोत मांडला. त्या घरी वापरायच्या जाड रवा, आणि दुकानातून आला होता बारीक. पाणी जाड रव्याचं. शिरा असा झाला की मुलींनी द्रोण तोंडाला लावून प्यायला. मुख्याध्यापिकाबाई समजूत काढायला म्हणाल्या, जाऊ द्या, वाण्याचं चुकलं असं सांगू. बाई म्हणाल्या, "वाण्यानं रवा दिला. हिशेब मी केला." आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर जाऊन स्वतःच्या हातानं लिहिलं, रवा जाड की बारीक हे न विचारता मी हिशेब मांडला, चूक माझी. मुली आठवडाभर तो मजकूर एकमेकींना म्हणून दाखवत होत्या. ज्या बाईला शिऱ्याचं खापरसुद्धा वाण्यावर फोडवत नव्हतं, ती कशी असेल ते यावरून ओळखा. म्हणून तर पुढची गोष्ट मी जन्मात विसरणार नाही.

माझी मोठी मुलगी झाली ती त्याच दिवसांत. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला सासूबाईच येऊन राहिल्या. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं त्यांनी माझं केलं. पण बाळंतपणानंतर मला ताप भरला, तो हटेना, आणि अंगावरचं दूध गेलं. गाईचं दूध पोरीला पचेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले होते. त्यांनी दुधाच्या पावडरीचा डबा लिहून दिला. हे एस्टीनं यवतमाळला जाऊन तो घेऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक औंस पाण्याला एक चमचा पावडर. चमचा डब्यातच होता, औंसाच्या खुणा बाटलीवर होत्या. मी तापात पडलेली, तेव्हा दूध करायचं काम सासूबाईंनी घेतलं. पहिली नात होती ती त्यांची. तिच्या टाळूला तेल लावायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत, एवढा जीव.

सुरुवातीला पोर चांगली प्यायली. मग रडायला लागली. दूध संपलं की रडायची, पुन्हा दिलं की घटाघटा प्यायची आणि पुन्हा रडायची. सासूबाई म्हणायच्या, "पोट्टीचं पोटच नाही भरून राह्यलं," आणि दूध आणखी घट्ट करायच्या. पोरीचे ओठ सुकले. अंग तापलं. मग रडणंही क्षीण झालं आणि डोळे खोल गेले. ती नुसती पडून राहायला लागली, तेव्हा माझं काळीज फाटलं. हे दवाखान्यात धावले तर डॉक्टर खेड्यांत लसीकरणाच्या दौऱ्यावर गेलेले, उद्यापर्यंत येणार नाहीत असं कळलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, नवस बोलल्या. मी पोरीला उराशी धरून नुसती बसून होते. देवाला म्हणत होते, मला ने, पण हिला ठेव.

त्या दुपारी बाई दारात उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी. पोरीकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या डब्यातला चमचा जरा बघू. पावडरीचं वजन करायचं आहे."

माझा तोल गेला. "बाई, माझी पोर मरायला टेकली आहे, आणि तुम्हाला वजनं सुचतात? माणूस आहात की कोण?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि खाली बसल्या.

सासूबाई मागे विहिरीवर पाणी आणायला गेल्या होत्या. बाईंनी डबा उघडला, चमचा भरला, फूटपट्टीनं सपाट केला, तराजूच्या पारड्यात रिकामा केला. डब्यावर एका चमच्याचं वजन बारीक इंग्रजी अक्षरात छापलेलं होतं, ते चष्म्याजवळ नेऊन वाचलं. औंसाचं ग्रामात मनातल्या मनात केलं. पुन्हा एकदा तोललं. "बरोबर आहे," स्वतःशीच म्हणाल्या. "चमचा अगदी बरोबर आहे."

हे मी खाटेवरून स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाळाचं दूध कसं करता, मला दाखवता?" सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, चमचा डब्यात खोल घातला. वर काढला तेव्हा त्यावर शीग होती. बोटांनी तिला थापटून घट्ट केलं, आणि वर आणखी थोडी पावडर चढवली. "लाभ," त्या पुटपुटल्या. पोरीच्या पोटात जायचं, तिथं सपाट माप त्यांच्या हातून पडणार तरी कसं?

"थांबा काकू." बाईंनी तो चमचा त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि तराजूत रिकामा केला. पारडं खटकन खाली गेलं. बाई दुसऱ्या बाजूला वजनं ठेवत गेल्या, आणखी ठेवत गेल्या. जवळजवळ दुप्पट भरलं. पाणी तेवढंच, आणि पावडर दुप्पट. पोर दूध मागत नव्हती हो, पाणी मागत होती! मला कळलं, बाईंना कळलं. सासूबाईंना कळलं नव्हतं. त्या आळीपाळीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय झालं वो बाई?" त्यांचा आवाज चिरकला. "माह्या हातानं काही चुकलं का?"

बाईंनी तराजूकडे पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. फळ्याफळ्यावर जाऊन स्वतःची चूक लिहिणारी ही बाई आता काय बोलते म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"तुमच्या हातानं काही चुकलं नाही काकू," बाई म्हणाल्या. "चमचा मोठा आहे. दुसऱ्याच कुठल्या डब्याचा यात पडलेला दिसतो."

मग त्या तिथून हलल्याच नाहीत. पाणी उकळून निववलं. आपल्या पितळी चमच्यानं पोरीच्या ओठांत थेंब थेंब सोडत बसल्या. घाई करू दिली नाही कुणाला. दिवेलागणीला पोरीनं माझी मांडी ओली केली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. सासूबाई तर ओल्या दुपट्यालाच हात जोडायला लागल्या. पुढचं दूध बाईंनी केलं. मग तो पितळी चमचा सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "काकू, आता यानं करा. हा सपाट किती भरायचा ते मी तोलून ठरवलं आहे. माझ्या चमच्याला शीग चालत नाही, ठाऊक आहे ना?" आणि फूटपट्टीही ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. पोरीला तपासलं, सगळं विचारलं, म्हणाले, फार दाट दूध जात होतं, वेळेवर लक्षात आलं, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर... "कोण करत होतं दूध?" त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत दारातून बाई म्हणाल्या, "चमचा मोठा होता, डॉक्टर."

"बघू तो चमचा."

"फेकला मी तो मेला उकिरड्यावर!" सासूबाई कडाडल्या. "माह्या नातीच्या जिवावर उठला होता!"

बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं.

नंतर धुण्याच्या दगडावर दोघीच होतो तेव्हा मी हळूच म्हटलं, "बाई, चमचा तर बरोबर होता."

"वजन कुणी केलं? तुम्ही की मी?"

"तुम्ही."

"मग झालं तर." पण त्यांचे कान लाल झाले होते. पुढे दोन-तीन दिवस त्या माझ्याकडे बघायचंच टाळत होत्या. शिऱ्याची चूक उघड सांगताना न लाजलेली ही बाई आपल्या एकुलत्या एका खोट्यानं पार अवघडून गेली होती. मीही मग पुन्हा तो विषय काढला नाही. नातीच्या जिवावर आपलाच हात उठला होता, हे सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी अंथरूण धरलं असतं. बाईंनी माझी पोर वाचवली आणि माझी सासूही वाचवली. त्या उपकाराला माझ्याजवळ आजही शब्द नाहीत.

आणि सासूबाई? त्यांनी त्या चमच्याच्या नावानं सगळं गाव डोक्यावर घेतलं. दुकानात, विहिरीवर, हळदीकुंकवाला, जिथं जातील तिथं तेच. "अवो, चमचाच मोठा निघाला! या बाईनं पकडला म्हनून, नाही तर का झालं असतं बाप्पा!" कुणी बाईंना खुंटा हलवून विचारलं, खरंच का हो, तर बाई तुटकपणे म्हणायच्या, "सांगितलं ना काकूंनी," आणि लगबगीनं निघून जायच्या. मला वाटायचं, आता पुरे करा ना आत्याबाई, ती बिचारी किती अवघडते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. पण त्यांना थांबवणार कसं? सपाटबाई हे नाव मात्र त्यांनी त्या दिवसापासून टाकलं ते टाकलंच.

पोर रांगायला लागली, चालायला लागली, बाईंच्या तराजूत चिंचोके तोलून खेळायला लागली. आणि मग बाईंची बदली झाली, वणीला, कोळशाच्या खाणींकडे. चाचा म्हणाले, "अच्छा है, उदर कोयला तोलो." म्हणाले खरे, पण दुकानाच्या फळ्या लावताना त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

बाई जायच्या दिवशी सासूबाई मुद्दाम गावाहून आल्या. एस्टी स्टँडवर आम्ही दोघी गेलो. सासूबाईंनी आपली पायली नव्या तुरीच्या डाळीनं भरून आणली होती, वर शीग, आणि ती सांडू नये म्हणून सबंध बाजारातून वर तळहात धरून चालत आल्या होत्या. बाई मोटारीच्या दाराशी उभ्या होत्या. सासूबाईंनी पायली पुढे केली.

बाईंचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि फूटपट्टी बाहेर आली. मी मनात म्हटलं, आता नका हो, आज तरी नका. बाईंनी शिगेकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. मग फूटपट्टी परत पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी पसरलं.

"ओता काकू," त्या म्हणाल्या. "शिगेसकट."

मोटार गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभ्या होतो. परत येताना सासूबाई रिकामी पायली काखेत धरून चालत होत्या. चाचांचं दुकान दिसायला लागलं तसं त्या एकदम म्हणाल्या, "चमचा बरोबर होता ना वो, सूनबाई?"

माझे पाय जागच्या जागी थांबले. ताकास तूर लागू द्यायची नाही, असं मी इतकी वर्षं मनाशी घोकलं होतं.

"मले मालूम हाय. फेकला त्याच्या दुसऱ्याच रोजी मी तो उकिरड्यावरून उचलून आनला. घासला. बाईनं तिचा चमचा कितीक भरायचा ते सांगितलं होतं, तेवढी पावडर सपाट काढली आन् त्या मेल्या चमच्यात टाकली. काठोकाठ भरला. ना कमी, ना जास्ती." त्यांनी पायली दुसऱ्या काखेत घेतली. "मंग समजलं मले, माहीच शीग होती ते. लय रडली मी त्या दिवशी, न्हानीत बसून."

"मग तुम्ही गावभर तसं काहून सांगत होता, आत्याबाई?" मी विचारलं. "चमचा मोठा, चमचा मोठा म्हणून?"

"सच्ची बाई ते. जिंदगीत पहिल्यांदा खोटं बोलली, माह्यासाठी. ते उघडं पडलं असतं तर तिले तोंड दाखवाले जागा राह्यली असती का? म्हनून मी बोंबलत राह्यली, कोनाले शक नाही आला पाहिजे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "एकदा वाटलं होतं, जाऊन सांगाव तिले, मले समजलं म्हनून. पन नाही सांगितलं. तिनं देलेली शीग होती ते, सूनबाई. आपन शीग वापस नाही करत."

मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "चाल लवकर. पोट्टी उठली असन."